नियम एका कागदावर द्या, छापून आम्ही देतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चिपळूणला आमचा छापखाना आहे. सासऱ्यांनी ट्रेडल मशीनवर सुरू केला, आता ऑफसेट आणि डिजिटल दोन्ही आहे. तालुक्यात कोणी नवा धंदा काढला की तो पहिल्या आठवड्यातच आमच्याकडे येतो, कारण त्याला बिलबुक हवं असतं, लेबल हवं असतं, पाटी हवी असते. या तिन्हींवर काय लिहायचं ते बरंचसं कायद्याने ठरलेलं आहे. त्यामुळे वकील किंवा सीए गाठण्याआधीच कायद्याचे प्रश्न आमच्या टेबलावर येतात. ‘वहिनी, खाली काय काय घालायचं असतं ते तुम्हीच घाला,’ असं म्हणून माणूस अ‍ॅडव्हान्स देतो आणि निघतो.

मी कायदा शिकलेली नाही. पण चुकीचं छापून गेलं तर गिऱ्हाईक अडचणीत येतं, म्हणून गेली कित्येक वर्षं मी हे नियम वाचत, विचारत, तपासत आले आहे. त्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे आणि तीच आपल्या वाचकांपुढे आणि शासनापुढे मांडायची आहे. छोट्या व्यावसायिकाला लागू होणारे बहुतेक नियम सोपे आहेत, स्वस्त आहेत, काही तर फुकट आहेत. तरीही लोक घाबरलेले असतात आणि त्या भीतीवर दलालांचा धंदा चालतो, कारण हे नियम कुणीही त्यांना मराठीत, एका ठिकाणी, धंदा सुरू करतानाच सांगत नाही.

आमच्याच धंद्यातलं, निवडणुकीचं उदाहरण देते. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापलाच पाहिजे, प्रकाशकाचं सही केलेलं घोषणापत्र घेतलंच पाहिजे, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक छापखानदाराला पाठ आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं 127 अ हे कलम आमच्या मशीनवरचा पोरगासुद्धा सांगेल. का? तर निवडणूक आली की प्रशासन मुद्रकांना बोलावतं, लेखी पत्र देतं, नमुना हातात ठेवतं. नियम आधी सांगितला जातो, नीट सांगितला जातो, आणि तो पाळला जातो. मग आंबापोळी विकणाऱ्या बाईला तिचे नियम असेच का सांगितले जात नाहीत?

ही आंबापोळी मी उगीच काढलेली नाही. गुहागरच्या बाजूच्या एक ताई दिवाळीच्या थोडं आधी आमच्याकडे आल्या होत्या. आंबापोळी, फणसपोळी आणि कोकमचं आगळ घरी करतात. माल उत्तम. बरोबर बाजारातलं एक पाकीट आणलं होतं. म्हणाल्या, ‘असंच्या असं छापा, नाव फक्त माझं टाका.’ डीटीपीवाल्या मुलीने तसं प्रूफ काढलं. मी बघते तर त्यावर त्या दुसऱ्या उत्पादकाचा चौदा आकडी अन्नसुरक्षा क्रमांक जसाच्या तसा! मी ताईंना विचारलं तर त्या गोंधळल्या. शाकाहारी मालावर हिरवा ठिपका असतो तसाच तो नंबरही सगळ्या पाकिटांवर एकच असतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. फसवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. पण ते पाकीट बाजारात गेलं असतं तर दुसऱ्याचा क्रमांक वापरल्याबद्दल त्यांच्यावरच कारवाई झाली असती.

त्यांना कुणीतरी ‘फूड लायसन्सचं पॅकेज’ म्हणून काही हजारांचा आकडा सांगितला होता, म्हणून त्यांनी तो विषयच सोडून दिला होता. खरं म्हणजे 2025 मध्ये वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या घरगुती उत्पादकाला परवाना लागतच नव्हता, साधी नोंदणी पुरत होती, आणि तिची सरकारी फी वर्षाला शंभर रुपये होती. अर्ज फॉस्कॉस या सरकारी संकेतस्थळावर होतो. घरच्या स्वयंपाकघरात माल होत असला तरी चालतो. आमच्याच कॉम्प्युटरवर बसून त्यांनी अर्ज भरला, नंबर आला आणि मग आम्ही लेबल छापलं. वाचकांना एक खूण सांगून ठेवते: त्या चौदा आकड्यांतला पहिला आकडा 2 असेल तर ती नोंदणी, 1 असेल तर परवाना. कुणी ‘परवाना काढून दिला’ म्हणून पैसे घेतले असतील तर निदान पहिला आकडा तरी बघा. हाच नंबर 1 जानेवारी 2022 पासून बिलावरही लागतो, हे मात्र पुष्कळांना अजून माहीत नाही.

लेबलवर काय काय हवं, हा आमच्याकडे येणारा सगळ्यात मोठा प्रश्न. पदार्थाचं नाव, घटक (जो जास्त तो आधी), निव्वळ वजन, बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, बॅच नंबर, बनवल्याची तारीख आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी फोन आणि ई-मेल, हिरवा ठिपका. आता दर ग्रॅमला किंवा किलोला किती पडले तेही. यातलं निम्मं अन्नसुरक्षा कायद्यातून येतं आणि निम्मं वैधमापनशास्त्राच्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांतून, ज्यांना आपण सगळे ‘वजनमापवाले’ म्हणतो. दोन्ही खाती वेगळी, दोघांची कार्यालयं वेगळी, दोघांचे निरीक्षक वेगळे, आणि पाकीट मात्र एकच. दोन्हींची मिळून एक यादी आजवर मला एकाही सरकारी कार्यालयात मिळालेली नाही, ती मी स्वतः तयार करून काउंटरवर चिकटवली आहे. पाकीटबंद माल विकायला सुरुवात केली की नव्वद दिवसांत वजनमाप खात्याकडे पॅकर म्हणून नोंद करावी लागते, तिची फी पाचशे रुपये. ही नोंद केलेली घरगुती व्यावसायिक आमच्याकडे क्वचितच येते. नाव ऐकलेलंच नसतं. इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी तपासून शिक्का मारून घ्यायचा असतो, हे दुकानदारांना ठाऊक असतं, घरी पॅकिंग करणाऱ्यांना नसतं.

लेबलच्या भाषेबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे. आमच्याकडे येणाऱ्या बायकांना लेबल मराठीत हवं असतं आणि मला ते मनापासून आवडतं. पण नियम असा की पाकिटावरची ही सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असली पाहिजे. मराठी त्याच्या जोडीला चालते, एकटी चालत नाही. दुकानाच्या पाटीचं मात्र बरोबर उलट. तिथे मराठी सक्तीची आहे, अक्षरं इतर भाषांपेक्षा लहान चालत नाहीत, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही ते लागू झालं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा आम्ही रात्री जागून पाट्या केल्या. ते योग्यच झालं. पण मग आमच्या मातीतल्या कुळथाच्या पिठाच्या पाकिटावर मराठी एकटी पुरेशी का नाही, हे राज्याने केंद्राला विचारायला हवं. साखर वर्ज्य असलेल्या म्हाताऱ्या माणसाला घटकांची यादी मराठीतच वाचता येणार आहे. तोवर आम्ही पुढे ठळक मराठी आणि मागे बारीक इंग्रजी असं छापतो आणि प्रत्येकाला तेच सुचवते.

आता बिलबुक. यात जीएसटीचा घोळ सर्वांत जास्त आहे. जीएसटी नंबर नसलेला माणूस येऊन सांगतो, ‘जीएसटी अठरा टक्के असा कॉलम टाका, बिल भारदस्त दिसतं.’ नोंदणी नसताना गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेणं हा गुन्हा आहे, असलं बिलबुक आम्ही छापत नाही. ज्याचा नंबर नाही त्याने साधं कॅश मेमो किंवा बिल छापावं, त्यात कमीपणा काही नाही. ज्यांनी कंपोझिशन योजना घेतली आहे, म्हणजे दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेले आणि एक टक्का कर भरणारे लहान व्यापारी व उत्पादक, त्यांच्या बुकावर ‘टॅक्स इन्व्हॉइस’ असं शीर्षक चालत नाही, ‘बिल ऑफ सप्लाय’ लागतं. शिवाय आपण कंपोझिशनमध्ये आहोत आणि गिऱ्हाइकाकडून कर घेऊ शकत नाही, हे त्यावर वरच्या बाजूला छापावं लागतं आणि दुकानातही लावावं लागतं. ज्याचा नेहमीचा नंबर आहे त्याने तो पाटीवर लिहायचा आणि प्रमाणपत्र दर्शनी भागात लावायचं.

नोंदणी मुळात लागते कधी? महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल चाळीस लाखांवर गेली की, सेवा देणाऱ्याला वीस लाखांवर गेली की. इथे एक मेख आहे. खानावळ, चहा-नाश्त्याचं हॉटेल हे सेवेत धरलं जातं, म्हणून त्यांना वीस लाखांची मर्यादा. चाळीस लाख ऐकून निवांत बसलेले खानावळवाले मला भेटले आहेत. नोंदणीलाही सरकारी फी नाही.

2025 च्या जुलैत बेंगळुरूच्या छोट्या विक्रेत्यांना त्यांच्या यूपीआय व्यवहारांवरून कर खात्याच्या नोटिसा गेल्या आणि तिथल्या दुकानांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ असे कागद लागले. ते फोटो आमच्या भागातल्या मोबाइलवर फिरले. त्यानंतर चिंचनाक्यापासून खेर्डीपर्यंतचे विक्रेते मला विचारू लागले, क्यूआर कोडचं स्टिकर काढून टाकू का? नको. कर लागतो तो उलाढालीवर. पैसे रोख आले काय किंवा मोबाइलवर आले काय, दोन्ही उलाढालीतच मोजले जातात. फरक एवढाच की मोबाइलवरचे दिसतात. म्हणून धंद्याचं खातं वेगळं ठेवा, मुंबईहून भावाने पाठवलेले पैसे आणि गिऱ्हाइकाचे पैसे एकाच क्यूआरवर येऊ देऊ नका, रोजची विक्री वहीत लिहा. उद्या कुणी विचारलंच तर वहीच उत्तर देईल. त्या वेळी ही चार वाक्यं कर खात्याने आपल्या दैनिकात जाहिरात म्हणून दिली असती तरी हजारो माणसांची झोप उडाली नसती.

मर्यादेत असूनही नोंदणी घ्यावी लागण्याची एक जागा आहे आणि दिवाळीत नेमके तिथेच लोक सापडतात: राज्याबाहेर माल पाठवणं. पुण्या-मुंबईला फराळाचे डबे पाठवा, चाळीस लाखांची मर्यादा तुम्हाला आहे. तोच चिवड्याचा डबा विकत म्हणून पणजीला किंवा बेळगावला कुरियर केला की ती आंतरराज्य विक्री झाली आणि वस्तूंच्या अशा विक्रीला पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना सूट आहे, फराळाला नाही. कोकणातल्या माणसाला गोवा घरचं अंगण वाटतं, त्यामुळे हे लक्षातच येत नाही. माझ्या मते हा नियम छोट्या माणसावर अन्यायाचा आहे. सेवा देणाऱ्याला राज्याबाहेर वीस लाखांपर्यंत सूट मिळते, तर लोणची-पापड विकणाऱ्या बाईलाही मिळाली पाहिजे. जीएसटी परिषदेत महाराष्ट्राने हा मुद्दा लावून धरावा. पण आज नियम आहे तो आहे आणि तो माहीत असायला हवा.

याच्या उलट, गरज नसताना नोंदणी घेतलेलेही पुष्कळ. कुणीतरी सांगतं, बँकेत चालू खातं उघडायला जीएसटी लागतोच. दुकानाचं सूचनापत्र आणि उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची केंद्र सरकारकडची नोंद) यांवर सहसा काम होतं. नंबर घेतला की विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावंच लागतं, नाही भरलं तर शून्य विवरणालाही दिवसाला वीस रुपये विलंब शुल्क चढतं. धंदा बंद केला, दुकान सोडलं, पण नोंदणी रद्द करायचा अर्जच केला नाही, अशा माणसांच्या घरी दोन वर्षांनी नोटीस येते.

दुकानाच्या सूचनापत्राचा उल्लेख आला, तर ‘गुमास्ता’बद्दल, म्हणजे दुकानाच्या नोंदणीबद्दल, एवढंच सांगते: 2017 च्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी नव्हे, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. 2025 च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीस कामगारांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. म्हणजे आमच्या बाजारपेठेतली जवळजवळ सगळी दुकानं त्यात आली. तरीही ‘दरवर्षी गुमास्ता रिन्यू करावा लागतो’ असं सांगून पैसे घेणारे आहेतच. नोकरांच्या बाबतीत दहा माणसं झाली की ईएसआय (कामगार विमा), वीस झाली की भविष्यनिर्वाह निधी. व्यवसाय कराचे नंबर दोन असतात, मालकाचा वेगळा आणि नोकरांच्या पगारातून कापून भरायचा वेगळा. मालकाच्या कराचे वर्षाला अडीच हजार रुपये भरायचे बरेच जण विसरतात आणि मग थकबाकी एकदम समोर येते. दुकानात काम करणाऱ्या मुलींनाही एक गोष्ट सांगायला हवी. दहापेक्षा कमी माणसं असल्यामुळे दुकानात अंतर्गत समिती नसली, तरी लैंगिक छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. ती समिती आहे हेच कुणाला माहीत नसतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः हे पत्र लिहायला बसले ती. उद्यम नोंदणी. आधार आणि पॅन असलं की घरबसल्या होते, एकही कागद जोडावा लागत नाही आणि ती पूर्णपणे मोफत आहे. 1 जुलै 2020 पासून ही पद्धत सुरू आहे. पण मोबाइलवर शोधलं की सरकारी संकेतस्थळासारख्याच दिसणाऱ्या खाजगी साइट आधी समोर येतात, अर्ज भरून घेतात आणि दीड-दोन हजार रुपये उकळतात. बचत गटातल्या बायकांनी गटाच्या पैशातून ही रक्कम भरलेली मी पाहिली आहे आणि मला त्याचा फार राग येतो. पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन आहे का, एवढं बघायला कुणी शिकवलं असतं तर हे पैसे वाचले असते.

आणि ही नोंदणी नुसती भिंतीवर लावायची नाही. सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचं, सेवा देणाऱ्यांचं बिल मोठ्या खरेदीदाराने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत चुकतं करायचं, असं 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) विकास कायद्यात स्पष्ट आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ, असं व्याज द्यावं लागतं. 2023 च्या अर्थसंकल्पाने आयकर कायद्यातही तरतूद आणली की अशा मुदतीत पैसे दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च म्हणून दाखवता येत नाही. आम्ही एका मोठ्या कंपनीला खोके आणि माहितीपत्रकं छापून देत असू. नाव लिहीत नाही. बिलं महिनोन् महिने अडकायची, फोन केला की ‘अकाउंट्सला विचारतो’. मग आम्ही प्रत्येक बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि त्या कायद्याची एक ओळ छापायला सुरुवात केली. भांडण नाही, तक्रार नाही, फक्त एक ओळ. मार्चच्या आत पैसे येऊ लागले. आता हीच ओळ मी इतरांच्या बिलबुकावरही सुचवते, पण नुसत्या खरेदी-विक्रीचा व्यापार करणाऱ्याला या 45 दिवसांच्या संरक्षणाचा लाभ नाही, हेही सांगते. पैसे तरीही आले नाहीत तर सरकारी पोर्टलवरून सुविधा परिषदेकडे, म्हणजे अशा थकलेल्या बिलांचा निवाडा करणाऱ्या सरकारी मंडळाकडे, तक्रार करता येते.

एजंटांबद्दल सरसकट वाईट बोलायचं नाही. चांगले, प्रामाणिक करसल्लागार आमच्या गावात आहेत आणि त्यांच्यावाचून आमचंही चालत नाही. पण एक गोष्ट जुलै 2021 च्या पुरात फार वाईट रीतीने समोर आली. 22 तारखेला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत घुसलं, कुणाचा माल गेला, कुणाची मशीन गेली, कपाटातले कागद तर सगळ्यांचेच गेले. पंचनामा, विमा, बँक, सगळीकडे प्रमाणपत्रं मागत होते. ती संकेतस्थळावरून पुन्हा मिळण्यासारखी होती. पण लॉगिन करायला गेलं तर ओटीपी जायचा एजंटाच्या मोबाइलवर, कारण नोंदणी करताना त्याने स्वतःचाच नंबर आणि ई-मेल टाकलेला. कुणी गाव सोडलेलं, कुणाचा नंबर बंद, कुणी ओटीपी सांगायचेच पैसे मागितले. चिखल उपसत असलेल्या माणसाला स्वतःच्याच दुकानाचा कागद मिळत नव्हता, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. म्हणून माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे की नोंदणी कुणाकडूनही करून घ्या, पण मोबाइल नंबर आणि ई-मेल स्वतःचाच द्या, पासवर्ड स्वतःकडे ठेवा, प्रमाणपत्रं आजच उतरवून घ्या. आधीच दुसऱ्याचा नंबर लागला असेल तर जीएसटीच्या बाबतीत कर कार्यालयात ओळखीचे पुरावे देऊन तो बदलून घेता येतो.

अजून दोन गोष्टी, कारण हापूसचा हंगाम येतोच आहे. खोक्यावर ‘रत्नागिरी हापूस’ छापून द्या, असं सांगणाऱ्यांची मार्चपासून रांग लागते. कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि ते वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. परराज्यातला आंबा त्या खोक्यात भरणारे आपल्याच बागायतदाराचं नुकसान करतात, तेव्हा ज्यांचा माल खरा आहे त्यांनी तरी नोंदणी करून घ्यावी. दुसरं, नावापुढे गोलातला ‘आर’. ‘शोभून दिसतो’ म्हणून लोक तो मागतात. व्यापारचिन्ह नोंदलेलं नसताना तो छापणं बेकायदा आहे. अर्ज केला असेल तर ‘टीएम’ लावा. व्यक्तीला आणि लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी साडेचार हजार रुपये आहे, नाव चालायला लागलं असेल तर ती जरूर भरावी.

संपादक महोदय, माझं मागणं अवघड नाही. जिल्हा उद्योग केंद्र, अन्न व औषध प्रशासन, वैधमापनशास्त्र, कामगार आणि राज्य कर या पाच खात्यांनी एकत्र बसून धंद्यागणिक एक पानी मराठी पत्रक करावं. घरगुती खाद्यपदार्थांसाठी एक, किराणा दुकानासाठी एक, खानावळीसाठी एक, शिवणकाम-ब्युटी पार्लरसाठी एक. त्यात कोणती नोंदणी कधी लागते, सरकारी फी किती, खरं संकेतस्थळ कोणतं आणि काय लागत नाही, एवढंच असावं. काय लागत नाही हा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खाली तारीख असावी, कारण नियम बदलतात आणि जुना कागद फिरत राहतो. नगरपरिषद, पंचायत समिती, ‘उमेद’चे बचत गट आणि बँकांचे काउंटर इथे तो ठेवावा. निवडणुकीआधी मुद्रकांना बोलावतात तसं वर्षातून एकदा तालुक्यातल्या मुद्रकांना आणि पाट्या रंगवणाऱ्यांनाही बोलावून सांगावं, कारण नवा व्यावसायिक सगळ्यात आधी आमच्याच दारात येतो.

आपल्या दैनिकानेही आठवड्याला एक रकाना या प्रश्नांना द्यावा, अशी विनंती आहे. वाचकांनी विचारावं आणि त्या त्या खात्याच्या अधिकाऱ्याने उत्तर द्यावं. चिपळूण तालुक्यापुरती ही पत्रकं छापून द्यायची जबाबदारी आमचा छापखाना घेईल, कागदासकट, विनामूल्य. खात्यांनी फक्त तपासलेला मजकूर द्यावा.

आपली नियमित वाचक,
एक छापखानाचालक
चिपळूण, जि. रत्नागिरी
नोव्हेंबर 2025